हीट होणाऱ्या तंबाखू यंत्राची ओढ दर आठ-दहा दिवसांनी परत जड होते : कुठे अडतंय ते पाण्याच्या नळीने शोधलं, त्याची गोष्ट

आधी एक सांगून टाकतो, मी स्वतः ओढत नाही, चार वर्षं झाली सोडून. पण माझे रूमपार्टनर अण्णा ओढतात, मूळचे इचलकरंजीचे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, आणि आम्ही दोघं जपानात नागोयाला गाड्यांच्या पार्टच्या कामात आहोत. माझं काम एअर इनटेकच्या टेस्टिंगचं, म्हणजे दिवसभर हवा कुठून जाते, कुठे अडते, किती प्रेशर पडतं हेच बघायचं. त्यामुळे अण्णांनी एका रविवारी ते यंत्र माझ्या पुढ्यात टाकलं आणि म्हणाले, "हे बघ की जरा, ओढून ओढून गालफडं बसायला लागली माझी, तू हवेचा इंजिनिअर ना?" तेव्हा टाळता आलं नाही.

यंत्र कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही, मोठ्या नावाचं नाही एवढंच, स्वस्तातलं, नेहमीच्या मापाच्या स्टिक (सिगारेटसारख्या दिसणाऱ्या तंबाखूच्या छोट्या कांड्या) चालणारं. आतमध्ये मध्यभागी एक पातं असतं ते तापतं, स्टिक त्यावर खोचायची, तंबाखू जळत नाही, नुसती भाजली जाते साधारण ३५० डिग्रीच्या आत-बाहेर (पेटलेल्या सिगारेटचं टोक कश घेताना ९०० च्या आसपास जातं, त्या मानाने हे थंडच). जपानात हा प्रकार घरोघरी आहे, आयकॉस नावाचं यंत्र २०१४ ला इथेच नागोयात पहिल्यांदा विकायला आलं, मग २०१६ मध्ये सेंदाईला ग्लो आणि फुकुओकाला प्लूम टेक. भारतातल्या मंडळींनी "येताना एक घेऊन ये" म्हणू नये, २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्यात हीट-नॉट-बर्न (म्हणजे हेच, न जाळता गरम करणारं) स्पष्ट नावानिशी आहे, आणणं पण गुन्हा आणि विकणं पण, पहिल्याच वेळेला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मला गावाकडून तिघांनी विचारलं म्हणून लिहिलं.

तर प्रॉब्लेम असा : नवीन असताना मस्त ओढ, मग आठ-दहा दिवसांत हळूहळू जड, मग एवढी जड की कश अर्ध्यातच सोडावा लागतो, साफ केलं की दोन दिवस बरं, परत तेच. असं चार वेळा झालं. मी आधी जे जे केलं ते सगळं चुकीचं होतं, ते पण सांगतो, कारण तुमच्यापैकी निम्मे लोक तिथेच असतील.

पहिला संशय स्टिकवर. पाकीट बदललं, दुसरा फ्लेवर आणला, पहिला दिवस बरा वाटला. (नवीन पाकिटाची स्टिक नेहमी बरीच वाटते, कारण कोरडी असते, ते पुढे येईल.) दुसरा संशय चार्जिंगवर, ते तर अगदीच वेड्यासारखं होतं, बॅटरी कमी असेल तर गरम कमी होईल, वाफ कमी येईल, पण हवा जड कशी होईल? दोन वेगळ्या तक्रारी आहेत त्या, "वाफ येत नाही" आणि "ओढता येत नाही", लोक एकत्र करतात आणि मग एकीचं औषध दुसरीला देतात. तिसरं म्हणजे अल्कोहोलचा कापसाचा बोळा, वरून आत घालून फिरवला, भरपूर काळं निघालं, अण्णा खूश, आणि चौथ्या दिवशी परत गालफडं आत.

तेव्हा मग मी म्हटलं अंदाजाने नाही, मोजूनच बघू.

ओढ मोजणं म्हणजे काही मोठं शास्त्र नाही. सिगारेटच्या धंद्यात याचं ठरलेलं माप आहे, सेकंदाला १७.५ मिली हवा ओढायची आणि त्या वेळी किती मिलिमीटर पाण्याइतकं प्रेशर पडतं ते बघायचं. हा १७.५ कुठून आला तर जुन्या स्मोकिंग मशीनचा कश ३५ मिलीचा, दोन सेकंदांचा, भागिले दोन. साध्या सिगारेटला हे माप साधारण १०० मिलिमीटर पाण्याच्या आसपास येतं. आता घरी सेकंदाला १७.५ मिली हवा सतत कशी ओढायची? तर बाटलीतून पाणी सोडायचं. बाटली वरून बंद, खालून पाणी जाईल तेवढीच हवा वरून आत येणार, आणि १७.५ गुणिले ६० म्हणजे मिनिटाला १०५० मिली, किचनमधल्या मापाने आणि मोबाईलच्या टायमरने होतं काम.

सामान सगळं १०० येनच्या दुकानातलं, फिश टँकची पारदर्शक नळी, टी-जॉइंट, पाणी कमी-जास्त करायची छोटी तोटी. पाणी सोडायची नळी मात्र जाड घ्या, ८ मिमीची तरी, मी आधी ४ मिमीची लावली तर मिनिटाला एक लिटर पाणी जाईचना. बाटली ओट्यावर, नळी खाली बादलीत लोंबती. आणि बाटली पाण्याची नको, ती पातळ असते, थोडी ओढ बसली की आत चेपते आणि सगळी मोजणी बोंबलते, कोल्डड्रिंकची दीड लिटरवाली जाड घ्या. बुचाला भोक पाडून नळी घातली, भोवती टेप आणि वर च्युइंगगम (अण्णांची आयडिया, आणि खरं सांगतो, माझ्या सिलिकॉनपेक्षा ते जास्त टिकलं). त्या नळीच्या टोकाला स्टिकचं तोंडाकडचं टोक घट्ट बसवायचं, आणि स्टिकच्या अगदी जवळ टी-जॉइंट लावून तिथून एक फाटा यू आकाराच्या नळीला, त्यात पाणी, पाण्यात जिलबीत घालतात तो केशरी रंग म्हणजे लेव्हल दिसते. यू ची दुसरी बाजू उघडी. हवा ओढायला लागली की एका बाजूचं पाणी वर, दुसऱ्या बाजूचं खाली, त्या दोघांमधला फरक म्हणजे तुमची ओढ.

फरक दोन्ही लेव्हलमधला धरायचा हं, मधल्या खुणेपासून एकाच बाजूला मोजलं तर उत्तर निम्मं येतं. पहिल्या रात्री अण्णांनी तसंच मोजलं आणि "काही प्रॉब्लेमच नाही लेका यात" म्हणून झोपायला गेले.

पट्टी लावायला जागा नव्हती म्हणून मी बोटांनी मोजलं, आडवी बोटं, एक बोट म्हणजे पावणेदोन-दोन सेंटीमीटर. माझी आजी भाताला पाणी असंच मोजायची. इथे प्रत्येक आकडा अचूक असायची गरजच नाही, चांगलं आणि वाईट यातला फरक कळला की झालं.

नुसती नवी स्टिक, यंत्र नाही, थंड : तीन बोटं. तीच स्टिक अण्णांच्या यंत्रात खोचून, यंत्र बंद, थंडच : सहा बोटं. म्हणजे स्टिकचा वाटा तीन आणि यंत्राचा वाटा तीन. हे बघून माझं डोकंच फिरलं, कारण यंत्र म्हणजे हवेच्या दृष्टीने नुसती एक वाट आहे, त्याने काही अडवायचंच नाही, तिथे फार तर अर्धं बोट जायला पाहिजे. सगळी अडवणूक मुद्दाम स्टिकमध्ये ठेवलेली असते, ती दर वेळी नवी येते ना, म्हणून दर वेळी ओढ सारखी राहते. डिझाइनचा मुख्य मुद्दा हाच. जी वस्तू रोज बदलते तिच्यात ओढ ठेवायची, जी वस्तू वर्षभर वापरायची तिच्यात जवळजवळ शून्य.

इथे जरा स्टिक उघडून दाखवतो, कारण मला ती फार आवडली, ओढत नसलो तरी. ब्लेडने लांबीत चिरली. लांबी साधारण ४५ मिलिमीटर, करंगळीपेक्षा लहान. पुढच्या बाजूला १२ मिलिमीटरचा तंबाखूचा भाग, पण ती कापलेली पानं नसतात, तंबाखूची पूड, ग्लिसरीन, पाणी वगैरे मिळून कागदासारखी पातळ शीट बनवतात, तिला उभ्या चुण्या पाडतात आणि गुंडाळून गोल करतात, निऱ्या घालतो तसं. त्या चुण्या लांबीच्या दिशेने असतात म्हणून हवेला सरळ बारीक बोळ मिळतात, साध्या सिगारेटसारखं आडव्या-तिडव्या तुकड्यांतून वळणं घेत जावं लागत नाही. त्याच्या मागे पोकळ नळी, फिल्टरच्याच धाग्याची पण मध्ये भोक, ती दोन कामं करते, पातं खोचताना तंबाखू मागे सरकू देत नाही आणि वाफेला मोकळी जागा देते. त्याच्या मागे चुरगळलेली प्लॅस्टिकची फिल्म, पीएलए, मक्यापासून बनवतात ते, ती वाफ थंड करते, स्वतः मऊ होऊन उष्णता पिते. वापरलेल्या स्टिकमध्ये ती तंबाखूच्या बाजूने आक्रसलेली स्पष्ट दिसते. आणि सगळ्यात शेवटी तोंडाशी विरळ फिल्टर.

या सगळ्याला उगीच नाजूक म्हणत नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत आर. जे. रेनॉल्ड्सने प्रीमियर नावाची न जळणारी सिगारेट काढली, पुढे कोळशाचं टोक, आत अ‍ॅल्युमिनियमची डबी, प्रचंड पैसा घातला, आणि एका वर्षाच्या आत बाजारातून काढून घ्यावी लागली. चव आणि वास तर वाईट होताच, पण ओढायला पण भयंकर जड होती, लोकांच्या तक्रारीत ते ठळक होतं. म्हणजे तंबाखू गरम कशी करायची हा प्रश्न त्यांनी बऱ्यापैकी सोडवला होता, हवा कशी जाऊ द्यायची तो नाही.

परत यंत्राकडे. तीन बोटं यंत्रात अडतायत हे कळलं, पण कुठे? हवा आत येते ती वरूनच, स्टिक आणि कॅप (यंत्राचं वरचं सरकणारं झाकण, त्यातूनच स्टिक आत जाते) यांच्या मधल्या फटीतून खाली उतरते, कॅपच्या तळाशी जाते, तिथून स्टिकच्या पुढच्या टोकात शिरते. अण्णांच्या यंत्रात कॅपच्या तळाला पात्यासाठी एक चीर आहे आणि बाजूला तीन बारीक भोकं, साधारण एक मिलिमीटरची.

इथे एक साधी युक्ती आहे जी मी कामावर पण वापरतो. हवेचा प्रवाह निम्मा करून परत मोजा. तोटी आवळून पाणी मिनिटाला १०५० च्या जागी ५२५ मिली करा. लांब बारीक बोळांतून हवा शांतपणे जात असेल (स्टिकमध्ये तसंच असतं) तर प्रवाह निम्मा केला की प्रेशर पण निम्मं होतं. पण एखाद्या छोट्या भोकातून हवा झपकन जात असेल तर प्रवाह निम्मा केला की प्रेशर चौथाई होतं. नुसती स्टिक : तीन बोटांची दीड झाली, बरोबर. यंत्रासकट : सहाची तीन व्हायला पाहिजे होती, झाली सव्वादोनच्या आसपास. दीड स्टिकचं वजा केलं तर यंत्राचं राहिलं पाऊण बोट, म्हणजे तीनाचं पाऊण, बरोब्बर चौथाई. म्हणजे अडथळा कुठल्या तरी बारीक भोकात आहे, लांबलचक वाटेत नाही. म्हणजे ती तीन भोकं. यंत्र न उघडता कळलं, मला तरी फार भारी वाटलं, अण्णांना अजिबात नाही, ते म्हणाले, "मग उघड की आता, कशाला पूजा मांडलीस?"

उघडलं. कॅप काढून दिव्यासमोर धरली. तीन भोकांपैकी एक पूर्ण बुजलेलं, उजेडच नाही. उरलेल्या दोघांच्या काठाला काळा-तपकिरी चिकटा, गुळाच्या पाकासारखा, एक मिलिमीटरचं भोक पाऊण मिलिमीटरचं झालेलं. कुणी म्हणेल एवढ्याने काय होतंय, पाव मिलिमीटर तर गेलं. पण हवा व्यासाच्या चौथ्या घाताने चालते, भोक लांब असो की आखूड, एकाचं पाऊण झालं म्हणजे ०.७५ चा चौथा घात, अडथळा एकदम तिपटीच्या वर. आणि त्यात एक भोक पूर्ण गेलेलं, म्हणजे त्याच्या वाटणीची हवा पण या दोघांवर. अर्ध्या बोटाची तीन बोटं होणारच.

आणि म्हणूनच हे असं अचानक झाल्यासारखं वाटतं बघा. पहिले आठवडाभर चिकटा साचतो पण कळत नाही, मग एके दिवशी एकदम जड. साचत रोज सारखंच असतं, फक्त चौथ्या घातामुळे शेवटच्या दोन दिवसांत जाणवतं.

आता चिकटा साफ करणं सोपं, पण ते तर आम्ही आधी पण करतच होतो ना. परत का येतो? हे मला दोन दिवस कळेना, कारण अण्णांच्या ऑफिसातल्या एकाकडे तेच यंत्र आहे, तो महिन्यातून एकदा साफ करतो आणि मजेत आहे.

मग मी अण्णांना म्हटलं, "तुम्ही माझ्यासमोर एक ओढा आणि शेवटी काढता कशी ते दाखवा." गॅलरीत बसले, ओढली, संपली, आणि स्टिक ओठातच धरून यंत्र सरळ खाली ओढलं. एका हाताने. सिगारेट ओढणाऱ्या माणसाची वीस वर्षांची सवय, ओठातून काही काढायचं नाही.

सापडलं. असं सरळ उपटलं की तंबाखूचा १२ मिलिमीटरचा तुकडा पात्याला चिकटून मागेच राहतो, किंवा अर्धा राहतो, कारण भाजल्यावर ती शीट आक्रसून पात्याला घट्ट धरते. बरोबर पद्धत म्हणजे आधी कॅप वर सरकवायची, म्हणजे कॅपचा तळ तंबाखूला खालून ढकलून पात्यावरून सोडवतो, आणि मग स्टिक काढायची. ती कॅप दिसायला नुसतं झाकण वाटते पण ती खरं तर काढणी आहे. अण्णांना हे दोन वर्षं माहितीच नव्हतं. "मॅन्युअल जपानीत हाय की," म्हणाले. चित्रं जपानीत नव्हती, पण जाऊ दे.

मग पुढचं सगळं आपोआप जुळलं. मागे राहिलेला तुकडा ते ब्रशने काढायचे, पण कॅप न काढता, वरून ब्रश घालून. म्हणजे भुगा जायला एकच जागा, खाली, भोकांकडे. वर अल्कोहोलचा बोळा ओला, भुग्यात ग्लिसरीन, ते ओलं झालं की लापशी, आणि लगेच पुढची स्टिक खोचून गरम केलं की लापशीची खपली. आम्ही साफसफाई करत नव्हतो, भोकं बुजवायचं काम करत होतो, दर चार दिवसांनी, मनापासून. पहिल्या वेळेला भरपूर काळं निघालं म्हणून आम्ही खूश झालो ते वरवरचं होतं, बाकीचं आम्हीच खाली दाबलं.

तर आता काय करतो ते सांगतो. संपली की अर्धा मिनिट थांबायचं, कॅप वर सरकवायची, मग स्टिक न फिरवता सरळ काढायची, काढलेल्या स्टिकचं टोक बघायचं : तंबाखूचा भाग पूर्ण आलाय ना? मधोमध पात्याची चीर दिसली पाहिजे आणि कडा अखंड. टोक पोकळ दिसलं तर तुकडा आत राहिलाय, तो आत्ताच काढा, पुढची स्टिक त्यावर खोचू नका. वीस स्टिकचं पाकीट संपलं की यंत्र पूर्ण गार झाल्यावर कॅप वेगळी काढायची, यंत्र उलटं धरून टिचकी मारायची म्हणजे भुगा बाहेर पडेल, आत नाही. कॅप कोमट पाण्यात दहा मिनिटं, ग्लिसरीन पाण्यात छान विरघळतं, अल्कोहोलची गरजच पडत नाही बहुतेक वेळा, भोकं लाकडी टूथपिकच्या टोकाने, आणि मग रात्रभर वाळवायची. पूर्ण वाळवायची. ओली बसवली तर पहिला भुगा तिथेच चिकटणार. कॅप पाण्यात चालते का ते आपापल्या यंत्राच्या कागदात बघा, सगळ्यांचं सारखं नसतं, आणि पात्याच्या बाजूला पाणी कधीच नाही. टाचणी, सेफ्टी पिन, स्क्रू ड्रायव्हर काहीही आत घालू नका, ते पातं सिरॅमिकचं असतं, वाकत नाही, कट्कन तुटतं. ब्रश पण आडवा नाही मारायचा, उभा.

आणि एक, "ओढ हलकी व्हावी म्हणून" स्टिकला सुईने भोक पाडणारे पण आहेत. ओढ हलकी होते, खरंय, कारण आता बरीच हवा तंबाखूतून न जाता बाजूनेच येते. मग वाफ पातळ, मग माणूस अजून जोरात ओढतो. टायरला भोक पाडून गाडी हलकी करण्यासारखं आहे ते.

आता काही लोकांची तक्रार वेगळी असते : "पहिले तीन-चार कश मस्त, मग जड होत जातं, पुढच्या स्टिकला परत पहिले तीन-चार मस्त." हा बिघाड नाही. थंड असताना मोजलं तर काही सापडणार नाही. हवा २० डिग्रीची ३०० डिग्रीला गेली की एक तर फुगून जवळजवळ दुप्पट होते, आणि वर तिचा चिकटपणा पण दीडपटीच्या पुढे जातो (हो, पाणी-तेल तापलं की पातळ होतं, हवेचं उलटं आहे), म्हणजे त्याच बोळातून तेवढीच हवा न्यायला तिप्पट जोर, जिथे हवा खरंच तेवढी तापते तिथे. त्यात ती पीएलए फिल्म आक्रसून एका बाजूला गोळा होते आणि फिल्टरमध्ये पाणी आणि ग्लिसरीनचे थेंब बसतात. डिझाइन करणाऱ्यांना हे सगळं माहिती असतं, म्हणून थंड स्टिक मुद्दाम जरा हलकी ठेवतात. थंडमध्येच जड लागत असेल तर यंत्र बघा, गरम झाल्यावरच लागत असेल तर कश लांब आणि हळू घ्या, कारण दुप्पट वेगाने ओढलं की यंत्राच्या भोकांत चौपट भरावं लागतं, ते वर सांगितलंच.

दमट हवेचं पण खरं आहे. जून-जुलैत इथे त्सुयू असतो, आपल्या कोकणातल्या पावसासारखा चिकट, कपडे वाळत नाहीत. स्टिकमधलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, शीट फुगते, चुण्यांमधले बोळ बारीक होतात. पाकीट उघडून दोन दिवस गॅलरीत राहिलं होतं त्यातली स्टिक मी नळीवर लावून बघितली, तीनच्या जागी चार बोटं. बिस्किटाच्या डब्यात सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवली की प्रश्न मिटला. फ्रीजमध्ये मात्र नको, बाहेर काढल्यावर घाम येतो तिला.

बाहेरून गरम होणारी यंत्रं आहेत त्यांचं गणित वेगळं, तिथे पातं नाही, पण काहींना हवा खालून येते, आणि माणूस मुठीत धरताना तळहाताने तेच तोंड बंद करतो, किंवा खिशातला कापसाचा पिंजका तिथे बसलेला असतो. आधी पकड बदलून बघा, फुकटचा उपाय आहे. काही स्टिकना कडेने सुईच्या टोकाएवढी भोकं कारखान्यातच पाडलेली असतात, ती बोटांखाली आली तरी जड. आणि २०२१ पासून ती इंडक्शनवाली आली आहेत, स्टिकच्या आतच धातूची पट्टी असते, पातं नाही, पुढून बूच असतं म्हणून भुगा सांडत नाही, त्यामुळे वर लिहिलेली अर्धी कहाणी तिथे लागूच नाही. फक्त त्या स्टिक वापरून झाल्यावर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, आतली पट्टी धारदार असते, आणि तसंही वापरलेल्या स्टिकमध्ये निकोटिन असतंच.

मला "हे सिगारेटपेक्षा बरं ना?" असं विचारू नका, अण्णा रोज विचारतात. अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये एका यंत्राला एवढंच म्हणायची परवानगी दिली की सिगारेट पूर्ण सोडून याच्यावर आलात तर घातक रसायनं कमी जातात, आजार कमी होतात असं म्हणायची परवानगी दिली नाही. निकोटिनची सवय तशीच राहते. मी हवेचा माणूस, तेवढ्यापुरतंच बोलतो.

हे सगळं करून आज सहावा आठवडा. दर रविवारी अण्णा स्वतःच बाटली भरतात, तोटी लावतात, आणि मला हाक मारतात, "ये, बोटं लाव." साडेतीन होती, साडेतीनच आहे. मधे एका आठवड्यात चार आली होती, तेव्हा मी काही बोललो नाही, नुसतं स्टिकच्या टोकाकडे बघितलं, टोक पोकळ. गाडी चालवताना ओढली होती, एका हाताने, ओठात धरून.